कागदावरचे मूल : बेळगाव-निपाणी सीमाभागातील बालकायद्याच्या नमुन्यांचा इतिहास

बेळगाव-निपाणी सीमाभागाचा इतिहास आपण बहुधा ठराव, आयोग, आंदोलने आणि न्यायालयीन दावे यांच्या तारखांनी सांगतो. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना झाली. 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला आणि 1967 मध्ये त्याचा अहवाल आला. 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. हा इतिहास खरा असला तरी तो मोठ्या माणसांचा आहे. याच भागात अनाथ झालेले, घरातून पळालेले, कामाला जुंपलेले, देवाला सोडलेले किंवा चोरीत सापडलेले मूल शोधायला निघालो, तर ते ठरावांत भेटत नाही. ते भेटते करारनाम्यात, वॉरंटमध्ये, मुचलक्यात, हमीपत्रात, चौकशी अहवालात आणि आदेशात. या कागदांना कायद्याच्या भाषेत ‘नमुना’ म्हणतात आणि कारकुनी बाब समजून अभ्यासक ते बाजूला सारतात. माझे म्हणणे असे आहे की, या भागातल्या मुलांचे काय झाले हे समजायला नमुन्यांइतके विश्वासू साधन दुसरे नाही. सरकारला मुलाविषयी नेमके काय जाणून घ्यायचे आहे, हे कायद्याच्या प्रस्तावनेपेक्षा नमुन्यातल्या रकान्यांवरून अधिक स्पष्ट कळते. हे रकाने गेल्या पावणेदोनशे वर्षांत कसे बदलले ते पाहिले की एक क्रम दिसतो. आधी कायद्याने मुलाची मिळकत विचारली, मग त्याचे श्रम आणि त्याचा गुन्हा विचारला, पुढे त्याची परिस्थिती विचारली. हे सगळे त्या मुलाला आणि त्याच्या आईबापांना समजले का, हा प्रश्न मात्र कायद्याने मान्य करूनही सीमाभागात अर्धवटच सोडला आहे. तो पूर्ण करायला सीमाप्रश्न सुटण्याची वाट पाहावी लागत नाही.

मुलाच्या नावाने केलेला एक कागद किती भारी पडू शकतो, हे या मुलखाला फार पूर्वी कळले होते. 1824 च्या सप्टेंबरमध्ये कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र सर्जा वारले. त्यांनी मृत्यूपूर्वी मुलगा दत्तक घेतल्याचे दरबाराने कळवले. धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने त्या दत्तकविधानावर शंका घेतली आणि ते मानायला नकार दिला. 23 ऑक्टोबरला कित्तूरच्या किल्ल्यापुढे झालेल्या लढाईत तो मारला गेला, आणि राणी चन्नम्माचे नाव इतिहासात राहिले. त्या प्रकरणात मुलाचे हित कोणीच विचारात घेतले नव्हते. वाद होता तो संस्थानाच्या वारशाचा. मुलाविषयीचा कायदेशीर कागद म्हणजे वारशाचा कागद, ही समजूत पुढेही टिकली. 1864 चा मुंबईचा अज्ञानांविषयीचा कायदा आणि त्याची जागा घेणारा 1890 चा पालक व पाल्य कायदा हे दोन्ही व्यवहारात मुख्यतः मिळकत असलेल्या मुलांच्या उपयोगी पडले. जुन्या सातबाऱ्यांवर आणि दस्तांवर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ अशी अक्षरे दिसतात. ‘अज्ञान पालन कर्ता’ याचे ते संक्षिप्त रूप. जमीन होती म्हणून त्या मुलाचे नाव दप्तरात आले आणि त्याच्यासाठी कोणी सही करायची तेही ठरले. ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याला या दप्तरात जागाच नव्हती.

बिनमिळकतीच्या मुलासाठी कायद्याने वेगळा कागद काढला, तो 1850 च्या उमेदवारीच्या कायद्याने. भारतातल्या बालविषयक कायद्यांची सुरुवात बहुतेक अभ्यासक इथूनच धरतात. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला धंदा शिकण्यासाठी मालकाकडे जास्तीत जास्त सात वर्षे बांधून देण्याची सोय या कायद्याने केली, आणि कराराचा छापील नमुना परिशिष्टात जोडला. अनाथ मूल, आईबापांनी टाकलेले गरीब मूल, आणि भटकेपणाबद्दल किंवा किरकोळ गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेले मूल, या तिघांच्या वतीने मॅजिस्ट्रेटने पालक म्हणून करार करावा असेही त्यात होते. ज्याचे कोणी नाही आणि ज्याने काही चोरले, अशा दोघांसाठी एकच नमुना असण्यामागे त्या काळाचा पक्का समज होता. गरीब मुलाचा प्रश्न हा त्याला कामाला लावण्याचा प्रश्न आहे, असे राज्यकर्ते मानत. 1897 च्या सुधारशाळा कायद्याने त्यात शिक्षेची भर घातली. तो फक्त मुलग्यांना लागू होता. गुन्हा शाबीत होताना पंधरा वर्षांखालील असलेल्या मुलाला तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षे सुधारशाळेत ठेवता येत असे. तुरुंगापेक्षा हे बरे होते, यात शंका नाही. पण न्यायालयाने धाडलेल्या आदेशात गुन्हा, वय आणि मुदत एवढेच महत्त्वाचे असे. मुलगा कोणत्या घरातून आला आणि सुटल्यावर कोणत्या घरात जाणार, हे विचारायला त्यात जागा नव्हती. पुढे 1929 च्या मुंबई बोर्स्टल शाळा कायद्याखाली इलाख्याची बोर्स्टल शाळा, म्हणजे तरुण गुन्हेगारांची सुधारशाळा, धारवाडला चालली. त्यामुळे मराठी मुलखातली तरुण मुलेही कानडी मुलखात रवाना होत. घरापासून आणि घरच्या भाषेपासून मूल दूर जाणे ही गोष्ट 1956 च्या सीमेने प्रथम घडवली असे नाही. एकाच इलाख्यात ती आधीपासून घडत होती, आणि तेव्हाही कोणी तिचा हिशोब ठेवला नाही.

कायद्याच्या कागदांबरोबर समाजाचे स्वतःचे कागद होते आणि ते अधिक कठोर होते. आईबापांनी उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत मुलाने मालकाकडे राबायचे, हा व्यवहार विडी, विणकाम, गालिचे अशा अनेक धंद्यांत देशभर चाले. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील कामगारविषयक शाही आयोगाने 1931 च्या अहवालात याचे चित्र मांडले आणि त्यातून 1933 चा मुलांचे श्रम गहाण टाकण्यास बंदी करणारा कायदा आला. पंधरा वर्षांखालील मुलाचे श्रम गहाण टाकणारा करार, तोंडी असो वा लेखी, या कायद्याने रद्दबातल ठरवला. दंड मात्र आईबापांना पन्नास रुपये आणि मालकाला दोनशे रुपये, इतकाच होता. निपाणी ही तंबाखूची मोठी पेठ. वखारीत तंबाखू कुटणाऱ्या-चाळणाऱ्या बायका आणि घरोघर विड्या वळणारी कुटुंबे यांच्या जिवावर ती उभी राहिली. घरी वळल्या जाणाऱ्या विडीत मुलाचा हात कुठे सुरू होतो आणि आईचा कुठे संपतो, हे कुठल्याच हजेरीपटावर दिसत नाही. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामावर ठेवण्यास बंदी केली आणि 1986 च्या बालकामगार कायद्याने विडी वळणे हे बंदी घातलेल्या कामांच्या यादीत घातले. तरीही घरच्या कामात मदत करणाऱ्या मुलांना सवलत ठेवली गेली, आणि ज्या मुलाचे काम घरातच चालते ते मूल कागदावर यायचे राहिले. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या मुलींची गोष्टही अशीच. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात 1920 मध्ये जोगत्या-मुरळ्यांच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. मुंबई इलाख्यात 1934 मध्ये देवदासी संरक्षण कायदा झाला. कर्नाटकाने 1982 मध्ये आणि महाराष्ट्राने 2005 मध्ये आपापले कायदे केले. ही प्रथा सीमेच्या दोन्ही बाजूंना एकसंध होती. तिच्याविरुद्धचे कायदे मात्र हद्दीहद्दीने आणि वेगवेगळ्या दशकांत आले.

बालन्यायाचा आधुनिक कागद आपल्याकडे 1924 च्या मुंबई बाल अधिनियमाने आला. 1919-20 च्या तुरुंग समितीने मुलांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे काढण्याची शिफारस केली होती. मद्रासने 1920 मध्ये, बंगालने 1922 मध्ये आणि मुंबईने 1924 मध्ये कायदा केला. मुंबई शहरात बाल न्यायालय आणि चिल्ड्रन्स एड सोसायटी 1927 मध्ये सुरू झाली. या कायद्यासोबत आणि 1938 च्या मुंबई परिवीक्षा कायद्यासोबत एक नवा कागद न्यायालयात रुजला, तो म्हणजे परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल. मुलाने काय केले याच्याबरोबरच ते कोणत्या घरात वाढले, बाप काय करतो, शाळा का सुटली, हे लिहिण्याची जबाबदारी एका माणसावर आली. माझ्या मते या पावणेदोनशे वर्षांतला हा सर्वांत मोठा बदल आहे. पण तो इलाखाभर एका दिवसात पोहोचला नाही. 1924 चा कायदा जिथे सरकारने अधिसूचना काढली तिथेच लागू होई. त्यातच हा मुलूख संस्थानांच्या तुकड्यांनी चिंध्या-चिंध्या झालेला होता. बेळगाव शहराला खेटून असलेले शहापूर सांगली संस्थानात होते. रायबाग कोल्हापूरकडे होते. आसपास कुरुंदवाड, जमखिंडी, रामदुर्ग, मुधोळ होतेच. बेळगावच्या बाजारात भटकणारे मूल चार पावले टाकून शहापुरात गेले की इलाख्याचा कायदा मागे राही. 1948 मध्ये सांगली आणि 1949 मध्ये कोल्हापूर विलीन झाले, 1948 चा नवा मुंबई बाल अधिनियम आला, आणि प्रथमच या सगळ्या भागावर मुलांसाठी एकच कायदा असण्याची शक्यता तयार झाली.

ही शक्यता जेमतेम आठ वर्षे टिकली, असे म्हणण्याचा मोह होतो. पुरावा मात्र वेगळे सांगतो. 1956 मध्ये बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला. पण राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 119 ने स्पष्ट सांगितले होते की, प्रदेश इकडचा तिकडे झाला म्हणून तिथे चालू असलेला कायदा बदलत नाही. सक्षम विधिमंडळ दुसरी तरतूद करीपर्यंत जुनाच कायदा चालू राहतो. त्यामुळे 1956 नंतरही चंदगडच्या आणि बेळगावच्या मुलावर मुंबईचाच बाल अधिनियम लागू होता. राज्ये दोन झाली, कायदा एक राहिला. म्हैसूरने 1964 मध्ये स्वतःचा बाल अधिनियम करून राज्याच्या वेगवेगळ्या भागांतले जुने कायदे एकत्र केले, तेव्हा फारकत झाली. या तपशिलाला मी महत्त्व देतो, कारण त्यातून दिसते की, सीमा आखली म्हणजे मुलांचे कायदे आपोआप तुटतात हे खरे नाही. कायदा आणि सीमा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात आणि त्या वेगळ्या ठेवल्याही गेल्या. महाजन आयोगाने निपाणी, खानापूर, नंदगडसह 264 गावे महाराष्ट्राला आणि जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातली 247 गावे कर्नाटकाला द्यावीत अशी शिफारस केली. ती कोणालाच अमलात आणता आली नाही. गावे कोणाची, यावर इतके लिहिले गेले असताना, त्या गावांतल्या संकटात सापडलेल्या मुलाचा कागद कोणत्या भाषेत असावा यावर कोणाला लिहावेसे वाटले नाही.

कायदा पुन्हा एक झाला तो संसदेच्या हस्तक्षेपाने. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगांत डांबलेल्या मुलांबद्दल सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि 1986 मध्ये न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नये, देशभर एकसारखा कायदा असावा असे बजावले. त्याच वर्षी बाल न्याय अधिनियम झाला आणि 2 ऑक्टोबर 1987 पासून अमलात आला. 2000 च्या कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांसाठी वय अठरा केले. 15 जानेवारी 2016 पासून 2015 चा कायदा लागू आहे आणि त्याखालील 2016 च्या आदर्श नियमांना चाळीसहून अधिक नमुने जोडलेले आहेत. सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल, सामाजिक चौकशी अहवाल, वैयक्तिक काळजी आराखडा, मुलाला बालकल्याण समितीपुढे हजर करतानाचा अहवाल, पालकाचे हमीपत्र, आईबापांनी मूल सोपवल्याचे पत्र, मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळे झाल्याचे प्रमाणपत्र असे ते नमुने आहेत. 1850 चा करारनामा यांच्याशेजारी ठेवला तर अंतर लगेच लक्षात येते. त्या करारात मालक कोण आणि मुदत किती हे होते. आजच्या चौकशी अहवालात मुलाच्या सवयी, मित्र, छंद, त्याने कमावलेला पैसा कोणाकडे जातो, त्याच्यावर घरात किंवा बाहेर अत्याचार झाला का, हे सारे विचारले जाते. त्यातला एक रकाना सीमाभागाने निरखून वाचावा असा आहे. शाळा सोडण्याचे कारण काय, असे विचारून पुढे पर्याय दिलेले आहेत : नापास होणे, अभ्यासात रस नसणे, शिक्षकांची बेपर्वाई, घर चालवण्यासाठी कमावणे, आईवडिलांचा अचानक मृत्यू, शाळेतली दादागिरी, अपमान, मारहाण, जवळ योग्य शाळा नसणे आणि शिक्षणाचे माध्यम. माध्यमाची भाषा मुलाला शाळेबाहेर काढू शकते, हे देशाच्या नियमांनीच छापून मान्य केले आहे. मग ज्या भाषेत शिकता आले नाही म्हणून मूल शाळेतून गेले, त्याच भाषेत त्याच्या भवितव्याचा आदेश लिहिला गेला तर तो आदेश त्याला किती समजणार?

भाषेचा हा प्रश्न कायद्याला नवा नाही. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 364 ने आरोपीचा जबाब शक्यतो तो ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत लिहावा असे सांगितले होते. त्याला न समजणाऱ्या भाषेतला पुरावा त्याला समजावून सांगावा, असे कलम 361 मध्ये होते. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्याने मुलाने दिलेली खबर त्याला कळेल अशा सोप्या भाषेत लिहावी आणि गरज पडेल तिथे दुभाषा द्यावा असे म्हटले. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 8 ने आणखी पुढे जाऊन बाल न्याय मंडळाला सांगितले की, प्रत्येक टप्प्यावर मुलाचा आणि पालकाचा समजून-उमजून सहभाग असला पाहिजे, आणि कामकाजाची भाषा मुलाला कळत नसेल तर दुभाषा दिला पाहिजे. तत्त्व पक्के आहे. उणीव आहे ती तत्त्व कागदावर उतरण्यात. राजपत्रात आदर्श नमुने इंग्रजी-हिंदीत येतात आणि कर्नाटकाची राजभाषा कन्नड आहे. निपाणीच्या विडी वळणाऱ्या बाईला यांपैकी कोणतीही भाषा वाचता येईलच असे नाही. दुभाषा चौकशीच्या दिवशी बोलतो आणि निघून जातो. हमीपत्र मात्र तिच्या घरी पत्र्याच्या पेटीत राहते. मुलाच्या शिक्षणाची आणि दवाखान्याची काळजी घेईन, त्याचे वागणे बिघडले तर कळवीन, समिती बोलावील तेव्हा त्याला हजर करीन, अशा अटींवर तिने सही-अंगठा केलेला असतो. त्या अटी तिला पुन्हा वाचायच्या झाल्या तर शेजारचा शिकलेला माणूस शोधावा लागतो, आणि मुलाची गुप्तता राखण्याचा कायद्याचा सारा खटाटोप तिथेच फुकट जातो.

सर्वांत कसोटीचा कागद म्हणजे मूल सोपवल्याचे पत्र. 2015 च्या कायद्याच्या कलम 35 प्रमाणे आईबापांना परिस्थितीमुळे मूल सांभाळणे अशक्य झाले तर समितीपुढे चौकशी आणि समुपदेशन झाल्यावर हे पत्र होते आणि विचार बदलायला त्यांना दोन महिने मिळतात. मुदत गेली की मूल दत्तकासाठी मोकळे ठरवता येते. अविवाहित किंवा टाकलेल्या बाईच्या आयुष्यात याहून गंभीर सही असू शकत नाही. ती मुदत कोणत्या तारखेला संपते, परत यायचे तर कुठे यायचे, हे तिला वाचता येईल अशा भाषेत हातात नसेल, तर ते दोन महिने तिला दिले असे म्हणणे कठीण आहे. समिती किंवा मंडळाच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. त्या तीस दिवसांचेही तसेच. सीमाभागात यावर भूगोलाची भर पडते. निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर, तर जिल्ह्याचे ठिकाण बेळगाव सुमारे पंच्याहत्तर. पुणे-बंगळूर महामार्गावर कागल मागे पडले की राज्य बदलते. हालसिद्धनाथ आणि हिरण्यकेशी या साखर कारखान्यांच्या हंगामात महाराष्ट्रातून ऊसतोड कुटुंबे मुलाबाळांसह इकडे येतात. कलम 95 प्रमाणे परजिल्ह्यातले मूल सापडले तर त्याच्या मूळ जिल्ह्याच्या समितीशी विचार करून, त्याच्या हिताचे असेल तर कागदपत्रांसह त्याला तिकडे पाठवायचे असते. निर्णय झाल्यावर पोलिसांनी पंधरा दिवसांत पोहोचवायचे आणि मुलीसोबत महिला पोलीस असावी लागते. म्हणजे बेळगावचे कागद कोल्हापूर, सांगली, बीडच्या समितीपुढे आणि तिकडचे कागद बेळगावच्या समितीपुढे जाणार, हे कायद्यानेच गृहीत धरले आहे. अशा ठिकाणी दोन्ही भाषांतला नमुना ही कोणावर केलेली मेहेरबानी ठरत नाही. तो कामकाजाचा भाग ठरतो.

यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की, सीमाभागातली माणसे दोन्ही भाषा बोलतात, मग वेगळ्या नमुन्याचे काय काम? बाजारात भाव करण्याइतके कन्नड निपाणीत पुष्कळांना येते, तसे मराठी बेळगावच्या कन्नड घरांतही येते. पण बोलण्यापुरती भाषा येणे आणि अटींचे हमीपत्र वाचता येणे यांत मोठे अंतर आहे, आणि लिपी वेगळी असल्यामुळे ते आणखी वाढते. शिवाय 2011 च्या जनगणनेप्रमाणे बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषकांचे प्रमाण 15 टक्क्यांहून अधिक आहे. भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण एखाद्या जिल्ह्यात वा तालुक्यात 15 टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत उपलब्ध करावेत, हे 1961 च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने मान्य केलेल्या संरक्षणांमध्ये आहे. राज्यघटनेचे कलम 350 तर प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क देते. तेव्हा मागणी नवी नाही, मान्य झालेल्या गोष्टीचा एक कोपरा भरायचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. बेळगावात मराठी नमुना छापला की तो सीमावादाच्या बाजूने दिलेला कौल समजला जाईल आणि मुलांचे कागदही वादात ओढले जातील. ही भीती मी खोटी मानत नाही. या भागात फलकावरच्या भाषेवरूनही तणाव होतो. पण तिचे उत्तर कलम 119 च्या इतिहासात आहे. 1956 मध्ये प्रदेश म्हैसूरला गेला तरी मुलांवर मुंबईचा कायदा चालू राहिला आणि त्यामुळे म्हैसूरच्या अधिकाराला धक्का लागला नाही. मग 2015 च्या कायद्याचा नमुना कन्नडशेजारी मराठीत छापल्याने तो कसा लागेल? राजभाषेतला मजकूर अधिकृत मानावा, शेजारी मराठी अनुवाद असावा, अशी रचना कोणाचाही दावा बळकट किंवा दुबळा करीत नाही. हीच मागणी सीमेच्या दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच जोराने केली पाहिजे. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज या भागांतल्या कन्नड बोलणाऱ्या आईला महाराष्ट्रातल्या समितीचे हमीपत्र कन्नडमध्ये मिळाले पाहिजे. जो मराठी माणूस बेळगावसाठी मराठी नमुना मागतो आणि जतसाठी कन्नड नमुन्यावर गप्प बसतो, त्याला मुलाची काळजी नाही, त्याला फक्त आपली बाजू मोठी करायची आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. कागद सुधारला म्हणून मूल सुधारत नाही. 1924 पासून अहवाल लांबत गेले, रकाने वाढले, तरी मुलांपर्यंत पोहोचणारे अधिकारी, गृहे आणि समुपदेशक पुरेसे झाले नाहीत. मग भाषेवर इतका भर का? हे खरे आहे की चांगला नमुना चांगल्या माणसाची जागा घेऊ शकत नाही. पण वर सांगितलेला इतिहास याच्या उलट बाजूही दाखवतो. जोवर घराविषयी विचारणारा रकाना नव्हता, तोवर मुलाचे घर न्यायालयाच्या हिशोबात नव्हते. जोवर उचलीचा करार रद्दबातल ठरला नव्हता, तोवर तोच कागद मुलाविरुद्धचा पुरावा होता. नमुना काळजी देत नाही, हे मान्य. तो काळजी मागण्याचा आधार देतो. अपील, तक्रार, वरिष्ठांची तपासणी, मोठे झाल्यावर स्वतःचे मूळ शोधणाऱ्या माणसाची चौकशी, हे सगळे कागदावर उभे राहते. ज्याला तो वाचता येत नाही त्याला हा आधार मिळत नाही, आणि अधिकाऱ्यांची संख्या कमी असते तिथे तर त्याची गरज अधिकच असते. राहिला खर्चाचा प्रश्न. चाळीस-पन्नास नमुन्यांचा अनुवाद एकदाच करायचा आहे. महाराष्ट्रात या कायद्याची मराठी परिभाषा रुळलेली आहे आणि कर्नाटकात कन्नड परिभाषा. दोन राज्यांच्या महिला व बालविकास विभागांनी ती एकमेकांना देणे एवढेच काम उरते.

म्हणून माझा निष्कर्ष सरळ आहे. सीमा कुठे असावी हे सर्वोच्च न्यायालय ठरवील तेव्हा ठरवील, पण तोवर सापडलेले, सोडलेले, पळालेले मूल थांबून राहत नाही. त्याला चोवीस तासांच्या आत समितीपुढे उभे करावेच लागते. बेळगाव जिल्ह्याच्या बालकल्याण समिती आणि बाल न्याय मंडळापुढे येणारे हमीपत्र, मूल सोपवल्याचे पत्र आणि आदेशाची प्रत हे तीन कागद आधी कन्नड-मराठीत आणि सोलापूर, सांगली, कोल्हापूर जिल्ह्यांत मराठी-कन्नडमध्ये मिळावेत. बाकीचे नमुने नंतर आले तरी चालतील. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आयोग लागत नाही आणि सीमावादात कोणालाही माघार घ्यावी लागत नाही. सीमाभागातले वकील, शिक्षक, विडी कामगार संघटना आणि दोन्ही भाषांतल्या साहित्य संस्था यांनी अनुवादाचा कच्चा मसुदा स्वतः तयार करून दोन्ही सरकारांच्या हाती द्यावा. मूल आपल्या भाषेचे आहे की दुसऱ्या, हे विचारण्याआधी त्याच्या आईने कशावर अंगठा उठवला हे तिला कळले पाहिजे, आणि ते कळवण्याची जबाबदारी दोन्ही राज्यांची आहे.